मिररलेस कॅमेऱ्यावर छोटी प्राइम लेन्स कशी वापरावी

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट झूम लेन्स कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर किंवा जवळच्या पन्हाळ्याच्या तटावर दिवसाउजेडी उत्तम काम देते. तिची दमछाक होते ती तालमीच्या आत, गुऱ्हाळाच्या छपराखाली आणि दिवेलागणीनंतर गंगावेशीत. झूम पुढे नेली की तिचे ॲपर्चर (उजेड आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे) एफ/५.६ च्या आसपास येऊन थांबते आणि तेवढ्या उजेडात हलत्या माणसाचे छायाचित्र स्वच्छ येत नाही. अशा ठिकाणी झूम न होणारी, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची (मिमीतला आकडा; तो जितका मोठा, तितके दृश्य जवळचे), एफ/१.८ किंवा एफ/२ पर्यंत उघडणारी छोटी प्राइम लेन्स उपयोगी पडते. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ ला सुमारे साडेनऊ पट उजेड आत येतो. म्हणजे किट लेन्सला जिथे १/५० सेकंदाचा शटर स्पीड ठेवावा लागतो, तिथे आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) तोच ठेवून १/५०० च्या जवळपास जाता येते. या जास्तीच्या उजेडाची किंमत फोकसच्या खोलीत (पुढेमागे किती भाग स्पष्ट दिसतो त्यात) मोजावी लागते. म्हणून ही लेन्स घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मनावर घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: आपण विषयापासून किती अंतरावर उभे आहोत, याचे भान प्रत्येक छायाचित्राच्या वेळी ठेवावे. ॲपर्चर किती उघडायचे, हे त्या अंतरावरून ठरते.

लेन्स निवडतानाही हाच विचार करावा. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स फुल-फ्रेमवरच्या (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या) सुमारे ५० मिमीइतके दृश्य दाखवते आणि ५० मिमीची लेन्स ७५ मिमीइतके (कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत ८० मिमीइतके). त्याहून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांत हे प्रमाण दुपटीचे असते. पण या आकड्यांपेक्षा पावलांचा हिशेब अधिक उपयोगाचा आहे. एपीएस-सी कॅमेरा उभा धरून एका उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत, थोडी मोकळी जागा सोडून चौकटीत बसवायचे असेल, तर २४ मिमीच्या लेन्सने सुमारे दोन मीटर, ३५ मिमीच्या लेन्सने तीन मीटर आणि ५० मिमीच्या लेन्सने सव्वाचार मीटर मागे जावे लागते. सणासुदीच्या दिवसांत महाद्वार रोडवर सव्वाचार मीटरची मोकळी जागा मिळणे कठीण, आणि मिळाली तरी मधून कोणी ना कोणी जातच राहते. म्हणून पेठांमध्ये, दुकानांत आणि घरात वापरण्यासाठी पहिली प्राइम घेणाऱ्या एपीएस-सीवाल्यांना मी ३५ मिमी किंवा त्याहून थोडी रुंद लेन्स सुचवीन. ५० मिमी स्वस्त मिळते म्हणून डोळे झाकून घेऊ नये. केवळ चेहऱ्यांची छायाचित्रे काढायची असतील, तर मात्र ५० मिमीसारखी दुसरी लेन्स नाही.

आकार लहान असण्याचाही मोठा फायदा आहे. निकॉनची झेड डीएक्स २४ मिमी एफ/१.७ ही लेन्स १३५ ग्रॅमची, कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ ही १६० ग्रॅमची आणि फुजीफिल्मची एक्सएफ ३५ मिमी एफ/२ ही १७० ग्रॅमची आहे. एवढी लेन्स लावलेला कॅमेरा दिवसभर गळ्यात अडकवला तरी जड होत नाही आणि समोरचा माणूसही लांबलचक लेन्स पाहून जसा अवघडतो तसा अवघडत नाही.

आता कॅमेऱ्याची मांडणी. सुरुवातीला ॲपर्चर प्रायॉरिटी मोड (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) ठेवावा, ऑटो आयएसओ चालू करावा आणि त्यातच किमान शटर स्पीडची मर्यादा घालून द्यावी: बसलेल्या, बोलणाऱ्या माणसांसाठी १/१२५, चालणाऱ्यांसाठी १/२५०. ही मर्यादा घातली नाही, तर स्थिरीकरण असलेले बरेच कॅमेरे स्वतःहून १/३० किंवा १/६० पर्यंत उतरतात आणि मागची भिंत सुस्पष्ट, पण माणूस हललेला, असे छायाचित्र हाती येते. कॅमेऱ्यातले स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर थोपवते, समोरच्याची हालचाल थोपवू शकत नाही. आयएसओची कमाल मर्यादा ६४०० ठेवायला हरकत नाही. छायाचित्रातले दाणे चालतात, हललेला चेहरा दुरुस्त करता येत नाही. फोकससाठी लागणारा तांबडा किंवा हिरवा सहायक दिवा आणि बीप दोन्ही बंद करावेत. लेन्सच्या दोषांची आपोआप होणारी दुरुस्ती मात्र चालू ठेवावी, कारण आजच्या अनेक छोट्या लेन्स ही दुरुस्ती गृहीत धरूनच बनवलेल्या असतात आणि ती बंद केल्यास कडा गडद होतात व सरळ रेषा वाकतात.

मग अंतराचा सराव करावा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स एफ/१.८ ला उघडून अर्ध्या मीटरवरच्या वस्तूवर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम दीड सेंटिमीटर असते. दीड मीटरवर ती सुमारे १३ सेंटिमीटर होते आणि तीन मीटरवर अर्ध्या मीटरपेक्षा थोडी जास्त. अंतर दुप्पट केले की खोली साधारण चौपट होते, हा त्यातला नियम आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की तीन मीटरवरून पूर्ण माणूस टिपताना एफ/१.८ बिनधास्त वापरावे, कारण तो माणूस नाकापासून पाठीपर्यंत स्पष्ट येतो आणि अंधाऱ्या बोळातही शटर स्पीड टिकून राहतो. उलट हॉटेलात बसून समोरच्या मिसळीच्या ताटाचे छायाचित्र चाळीस सेंटिमीटरवरून काढताना एफ/१.८ ला एक सेंटिमीटरही खोली मिळत नाही; फरसाणाचा एक कण स्पष्ट आणि कटाची वाटी, पाव, कांदा सगळे धूसर. तिथे एफ/५.६ ला यावे आणि खिडकीजवळचे टेबल पकडावे. बरेच लोक नेमके उलट करतात: जवळ जाऊन पूर्ण उघडतात आणि दूर गेल्यावर बंद करतात.

खोली कमी असली तरी फोकसची पातळी, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचा स्पष्ट दिसणारा सपाट पट्टा, कशी लावायची, हे आपल्या हातात असते. ही गोष्ट चप्पल बनवणाऱ्या कारागिराचे उदाहरण घेऊन नीट समजते. सुभाषनगर किंवा जवाहरनगर भागात कारागीर जमिनीवर बसून, मांडीपुढे फळी घेऊन रापीने कातडे कापत असतो. त्याच्या समोर उभे राहून खाली पाहत छायाचित्र काढले, तर रापीचे टोक आपल्यापासून एका अंतरावर आणि चेहरा दुसऱ्याच अंतरावर असतो. दोन्ही स्पष्ट हवे असतील तर एफ/८ पर्यंत जावे लागते आणि तिथला उजेड तेवढा पुरत नाही. त्याऐवजी आपणही जमिनीवर बसावे, कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर आणावा आणि बाजूला सरकत जावे. एका जागी असे होते की कारागिराचे वाकलेले कपाळ, मनगट आणि रापी ही तिन्ही आपल्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर येतात. मग एफ/२.८ पुरते: हाताच्या शिरा, कातड्याची कापलेली कड आणि डोळ्यांची नजर सगळे स्पष्ट, आणि मागे टांगलेल्या चपलांचे जोड ओळखू येतील इतपतच मऊ. मागचे सगळे पुसून टाकणारे छायाचित्र मला अशा ठिकाणी आवडत नाही. तो माणूस कुठे बसून काय करतो हेच त्यातून नाहीसे होते.

फोकससाठी एक छोटा चौकोन निवडून तो स्वतः हलवण्याची सवय लावून घ्यावी. मधल्या चौकोनाने फोकस करून मग कॅमेरा वळवण्याची जुनी रीत एफ/१.८ ला दगा देते, कारण कॅमेरा वळवताना फोकसची पातळीही वळते. माणसांसाठी डोळा ओळखणारा फोकस चालू ठेवावा आणि चेहरा तिरका असेल तर जवळचा डोळा पकडला गेला आहे ना, ते पाहावे. समोरचा स्थिर बसला आहे असे वाटले तरी तो बोलताना पाच-सात सेंटिमीटर पुढेमागे झुकतच असतो, त्यामुळे जवळच्या अंतरावर सतत चालणारा एएफ-सी फोकस एकदाच लागणाऱ्या एएफ-एसपेक्षा भरवशाचा ठरतो. हाताने फोकस करायचा असेल, तर दृश्य मोठे करून पाहावे. नुसत्या रंगीत कडांवर, म्हणजे फोकस पीकिंगवर, पूर्ण उघड्या ॲपर्चरला विसंबू नये.

तालमीत या सगळ्याची एकत्र परीक्षा होते. कोल्हापूरच्या जुन्या तालमींत पहाटे मेहनत सुरू होते तेव्हा बाहेर पुरते उजाडलेलेही नसते; आत एखाद-दुसरी ट्यूब किंवा एलईडी दिवा, उंचावर लहान खिडक्या, आणि मधे तांबड्या मातीचा हौदा. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मुरवलेले असते. वस्तादांची परवानगी आधी घ्यावी, पादत्राणे बाहेर काढावीत आणि हौद्याच्या कडेला, भिंतीला पाठ लावून बसावे. बसल्यामुळे दोन फायदे होतात: पैलवानांचे चेहरे आपल्या डोळ्यांच्या रेषेत येतात आणि आपण कोणाच्या मेहनतीत आडवे येत नाही. खिडकी आपल्या पाठीशी न ठेवता एका बाजूला राहील अशी जागा निवडली, तर घामाने ओल्या पाठीवर आणि मातीने माखलेल्या खांद्यांवर उजेडाची कड उमटते. हौद्याच्या अंधाऱ्या पार्श्वभूमीवर ती कडच अंगाचा घडीव आकार दाखवते.

जोर-बैठका चालू असताना १/२५० पुरतो, कारण वर-खाली जाताना शरीर दोन्ही टोकांना क्षणभर थांबते आणि आपण तोच क्षण पकडायचा असतो. खडाखडीच्या वेळी दोघांची डोकी एकमेकांना भिडलेली असतात, पाय चाचपडत असतात, तेव्हाही १/२५० ते १/३२० चालतो. पण पट काढला जातो किंवा ढाक लागते, असे वेगवान डाव पडतात तेव्हा १/५०० च्या खाली जाऊ नये. या वेळी ॲपर्चर एफ/१.८ किंवा एफ/२ ठेवावे आणि अंतर तीन मीटरच्या आसपास राखावे. त्याहून जवळ गेलो, तर दोघांपैकी एकच पैलवान स्पष्ट येतो आणि कुस्तीत दोघांचे नाते दिसणे महत्त्वाचे असते. फोकस एएफ-सी, चौकोनांचा मध्यम गट, आणि तीन-चार छायाचित्रांच्या छोट्या सरी. बोट दाबून धरून शेकडो छायाचित्रे काढण्याने डाव कळत नाही.

इथे एक तांत्रिक अडचण हमखास येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १/५०० ला इलेक्ट्रॉनिक (पडद्याविना चालणाऱ्या) शटरने छायाचित्र काढले की त्यावर आडवे पट्टे उमटतात, आणि मेकॅनिकल (पडद्याच्या) शटरने काढले तर एक छायाचित्र उजळ, दुसरे काळपट आणि पिवळसर येते. उपाय तीन आहेत. हालचाल संथ असेल तर १/१०० किंवा १/५० हे शटर स्पीड वापरावेत, त्यांत हा दोष येत नाही. हालचाल वेगवान असेल तर मेकॅनिकल शटर ठेवून कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर (दिवा उजळ असतानाच शटर उडवणारी) सोय चालू करावी. आणि शक्य असेल तेव्हा उजाडण्याची वाट पाहून खिडकीच्या उजेडात काम करावे, जे मला सर्वांत पसंत आहे.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईक समोर थांबलेले असते आणि धारोष्ण दूध जागेवरच भांड्यात पडते. तिथे उजेडापेक्षा कॅमेऱ्याचे उजेडाचे मोजमाप फसते. काळ्याभोर म्हशीने अर्धी चौकट व्यापली की कॅमेऱ्याला दृश्य अंधारे वाटते, तो सगळेच उजळवतो आणि म्हैस करडी, तर दुधाचा फेस पांढराफटक होऊन बसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (छायाचित्र उजळ किंवा गडद करण्याची सोय) उणे २/३ ते उणे १ वर न्यावे, म्हणजे फेसातले बुडबुडे टिकतात आणि म्हशीचा काळा रंग काळाच राहतो. शटर १/१२५ ठेवला तर दुधाची धार अखंड पांढऱ्या रेघेसारखी दिसते. १/१००० ला ती तुटक थेंबांची होते. मला अखंड धार अधिक खरी वाटते. जनावराच्या अगदी पुढ्यात किंवा मागे जाऊ नये आणि फ्लॅश अजिबात वापरू नये.

भर उन्हात हीच लेन्स उलट्या अडचणीत टाकते. आयएसओ १०० ला कडक उन्हात एफ/१.८ साठी १/८००० च्या आसपास शटर लागतो, आणि अनेक कॅमेऱ्यांचे मेकॅनिकल शटर १/४००० ला संपते. अशा वेळी एफ/२.८ किंवा एफ/४ ला यावे. एरवीही बहुतेक छोट्या प्राइम तिथे अधिक धारदार असतात. उन्हातही पूर्ण उघडायचेच असेल, तर तीन स्टॉपचा (उजेड आठपट कमी करणारा) एनडी फिल्टर लावावा. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटर (पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असलेले) चालू असेल, तर १/१००० च्या पुढे मागच्या धूसर ठिपक्यांच्या कडा कापल्यासारख्या दिसू शकतात. तेव्हा ते बंद करून पूर्ण मेकॅनिकल शटर घ्यावे. मंदिराचे बाहेरचे कोरीवकाम, दीपमाळा, तटबंदी यांसाठी एफ/५.६ ते एफ/८ योग्य. एपीएस-सीवर एफ/११ च्या पुढे गेल्यास बारकावे पुन्हा मऊ होऊ लागतात. अंबाबाईच्या देवळात कॅमेऱ्याबाबत जे नियम असतील ते पाळावेत आणि गाभाऱ्याच्या दिशेने कॅमेरा उचलूच नये.

गुजरी या दागिन्यांच्या बाजारात साज किंवा पायातल्या चांदीच्या दागिन्यांची छायाचित्रे काढताना चमकणाऱ्या कडांभोवती जांभळी किंवा हिरवी झालर दिसली, तर ती पूर्ण उघड्या ॲपर्चरची खूण समजावी. एफ/२.८ किंवा एफ/४ ला ती बरीच ओसरते.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो, तेव्हा छोट्या प्राइमचे सगळे गुण कामी येतात. लेन्सवर संरक्षणासाठी लावलेला साधा यूव्ही फिल्टर आधी काढून ठेवावा, नाहीतर प्रत्येक ज्योतीचे उलटे प्रतिबिंब चौकटीत कुठेतरी तरंगताना दिसते. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळवणी) ऑटोवर ठेवल्यास पणत्यांची ऊब निघून जाण्याची भीती असते आणि डेलाइटवर सगळे भगवे होते. ३००० ते ३५०० केल्विनच्या दरम्यान चेहरे नैसर्गिक उबदार दिसतात. पणती लावणाऱ्याचा चेहरा टिपायचा असेल, तर ज्योतीची नव्हे, गालावर पडलेल्या उजेडाची तीव्रता पाहून एक्स्पोजर ठरवावे. ज्योतीचा गाभा पांढरा झाला तरी चालेल. माणसे नसलेल्या पायऱ्यांच्या दिव्यांसाठी मात्र स्थिरीकरणाचा आधार घेऊन १/१५ ला, कमी आयएसओवर, एफ/४ ला छायाचित्र काढावे.

गुऱ्हाळावर काळजी घ्यायची ती वाफेची. हिवाळ्यातल्या पहाटेच्या गारठ्यातून थेट काहिलीजवळ (रस उकळणाऱ्या कढईजवळ) गेलो, तर थंड लेन्सवर वाफ धरते आणि पुसली तरी पुन्हा धरते. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून छपराखाली दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग बाहेर काढावा. वारा कुठून येतो ते पाहून त्याच बाजूला उभे राहावे, म्हणजे वाफ आपल्याकडे येत नाही. आधण (उकळून घट्ट झालेला रस) वाफ्यात (तो थंड करण्याच्या जागेत) ओतले जाते तो प्रसंग काही क्षणांचा असतो, त्यामुळे जागा, अंतर आणि एफ/२.८ हे आधीच ठरवून ठेवावे. उकळत्या रसापासून दूर राहण्यासाठी ३५ मिमीला अडीच-तीन मीटरचे अंतर पुरेसे आणि सुरक्षित आहे. चुलवाणाचे (काहिलीखालच्या भट्टीचे) तोंड चौकटीत आले की कॅमेरा बाकी सगळे काळे करतो, म्हणून एक तर ते चौकटीबाहेर ठेवावे किंवा गूळ करणाऱ्या गुळव्याच्या चेहऱ्यावर मोजमाप करावे.

जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळला जात असताना लेन्स बदलू नये. मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सरपुढे आरसा नसतो, त्यामुळे लेन्स काढताक्षणी बारीक गुलाल थेट सेन्सरपर्यंत पोहोचू शकतो. घरी आल्यावर आधी ब्लोअरने हवा मारावी, मग मऊ ब्रशने लेन्सच्या कडा साफ कराव्यात आणि कापड सर्वांत शेवटी लावावे. पावसाळ्यात या स्वस्त लेन्सना बहुधा रबरी सील नसते, हे विसरू नये.

दुसरी लेन्स कधी घ्यावी, हे आपल्याच छायाचित्रांकडे पाहून ठरवता येते. घरातल्या समारंभात माणसे वारंवार चौकटीबाहेर राहत असतील, तर रुंद लेन्सची गरज आहे. जवळजवळ प्रत्येक चेहरा कापून मोठा करावा लागत असेल, तर लांब लेन्सची. खासबाग या कुस्तीच्या मैदानात हे लगेच लक्षात येते. प्रेक्षकांत बसून आखाडा वीस मीटरवर असेल, तर ३५ मिमीच्या चौकटीत एपीएस-सीवर सुमारे साडेतेरा मीटरची रुंदी येते आणि पैलवान अगदी लहान दिसतात. ८५ मिमी एफ/१.८ ने तीच रुंदी साडेपाच मीटर होते, आणि दोघांची पकड व चेहरे ओळखू येतात. त्याहून दूरच्या पायऱ्यांवर जागा मिळाली, तर टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारी) झूम न्यावी आणि छोटी प्राइम कुस्ती संपल्यावर पैलवान खाली उतरून लोकांत मिसळतात त्या वेळेसाठी खिशात ठेवावी.